त्याऐवजी हे चालेल का?

बटणांच्या त्या दुकानात 'नाही' म्हणायला बंदी होती, आणि मावशींची बंदी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गिऱ्हाईक कोटाचं तुटकं बटण काचेवर ठेवून "अस्संच हवं" म्हणालं आणि तसलं बटण दुकानात नसलं, तरी मावशींची मान आडवी हलायची नाही. बटण चिमटीत धरून त्या उजेडाकडे न्यायच्या. "रोज घालायचा कोट की नुसता मिरवायचा?" असं विचारायच्या, आणि मागच्या खणातून निराळीच दोन-तीन बटणं काढून पुढ्यात मांडायच्या. "हे बघा. तेच नाही मिळालं म्हणून छाती उघडी टाकून हिंडणार आहात का?" निम्मी गिऱ्हाइकं पटलं म्हणून घ्यायची, उरलेली मावशींच्या जिभेला भिऊन.

सून वरच्या मजल्यावर बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करायची. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे मावशींना फार दिवस कळलं नव्हतं. शाळेशी त्यांची नुसती तोंडओळख, पण न कळलेलं कबूल करतील तर त्या मावशी कसल्या! शेवटी लेकानेच एकदा जेवता जेवता समजावलं होतं.

"हे बघ आई, जगभरची माणसं कामाच्या छोट्या छोट्या पुड्या बांधून एका कोठारात ठेवतात. ज्याला जी हवी त्याने नाव सांगायचं, की पुडी त्याच्या यंत्रात येऊन पडते. त्या कोठाराच्या खिडकीत एक कारकून बसलाय समज. त्याला म्हणायचं पॅकेज मॅनेजर. पण तो ठोंब्या आहे. नाव सापडलं नाही की 'नाही' म्हणतो आणि खिडकी लावून घेतो. तुझी सून त्याला शिकवतेय, की बाबा रे, ते नसेल तर दुसरं काय चालेल ते तरी सुचव."

"म्हणजे माझंच काम की," मावशी म्हणाल्या होत्या. "फक्त बसल्याजागी."

सून हसली होती. तेव्हा घरात हसणं होतं.

लेकाची स्वतःची पण एक पुडी होती त्या कोठारात. पावलाची चाहूल लागली की पायरीपायरीने दिवे लावत जायची आणि माणूस पुढे गेला की मागचे विझवायची, एवढंच तिचं काम. त्यांच्या जिन्यावर ते दिवे होतेच, पण कुठल्या कुठल्या गावांतली, कधी न पाहिलेली माणसंही ती पुडी नेऊन आपापल्या जिन्यांवर लावायची. मावशी चढायला लागल्या की उजेड त्यांच्या एक पाऊल पुढे चालायचा. "पोरगं बोट धरून नेतंय," असं त्या मनातल्या मनात म्हणायच्या. तोंडावर मात्र, "विजेची नासाडी!"

मग लेक गेला. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता उंचापुरा, धडधाकट पोरगा हातचा गेला.

मावशींनी चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याचे कपडे देऊन टाकले, सायकल देऊन टाकली, खोलीतली खाटसुद्धा हलवली, घराला नवा रंग काढून घेतला. ज्याने त्याने येऊन हळहळ करावी आणि आपण ती ओंजळीत घ्यावी, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. फक्त एकदा, सून वर काम करत असताना त्या तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या पुडीचं काय म्हणतात गं लोक?"

सून वाचून दाखवायला लागली. आधी आभार होते, शाबासकी होती. मग खाली खाली जाताना भाषा बदलत गेली. दिवे अडकतात, दुरुस्त कोण करणार? इतके दिवस झाले, उत्तर द्यायची रीत नाही का? करायचं नव्हतं तर ठेवलंत कशाला? आणि सगळ्यांत खाली कुणीतरी एकच ओळ टाकली होती. तिथे येऊन सुनेने वाचणं थांबवलं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही, आई."

"वाच म्हणते ना."

"'हे मेलंय का?' असं विचारलंय."

मावशींनी पडद्याकडे बोट केलं. "काढ," म्हणाल्या.

"आई, लोक वापरतात ते. असं एकदम..."

"माझ्या पोराला मेला म्हणायचं आणि वर त्याच्याच उजेडात जिने चढायचे? काढ. आत्ता. माझ्या डोळ्यांदेखत."

त्याच्या पुडीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, सुनेपाशी होता. तिने काढलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्वतःच्या जिन्यावरचे दिवेही लागेनासे झाले. धन्यामागे दिवेही गेले, असं मावशींनी मनाशी ठरवून टाकलं. सून काही बोलली नाही, मावशींनी काही विचारलं नाही, आणि दोघी अंधारातून वर-खाली करू लागल्या.

मावशींची आणखी एक रीत होती. दुपारी दुकान बंद करताना त्या अख्ख्या घराचा मेन स्विच खाली ओढायच्या. "बंद दुकानात वीज कशाला? चोरांना पेपर वाचायला?" झोप झाली, की स्विच वर आणि दुकान उघडं. सून त्या वेळात बॅटरीवर काम करायची आणि दात-ओठ खायची.

अशाच एका दुपारी मावशींनी नुकता स्विच वर केला होता, फडकं घेऊन काच पुसायला घेतली होती, तोच सून जिना उतरून खाली आली. चेहरा धुतल्या फडक्यासारखा पांढरा.

"आई, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावता का कधी?"

"मी? त्या डबड्याला? मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

"मग कोण..." तिने काचेला धरलं. "कुणीतरी त्याचं मागतंय."

"कुणाचं?"

सुनेने नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

"नीट सांग. आणि त्या काचेवर हात टेकू नकोस, आत्ताच पुसलीय."

"जे सापडत नाही ते सगळं माझ्याकडे बघायला येतं. कुणी काय मागितलं, आपण काय सुचवलं, त्याने ते घेतलं की नाही. त्यात रोज एक मागणं असतं. त्याच्या पॅकेजचं. आम्ही म्हणतो, असं काही नाही, त्याऐवजी लांबूचं चालेल का? तर पलीकडून हो नाही, की नको नाही. गप्प. दुसऱ्या दिवशी परत तेच."

लांबू म्हणजे लेकाचा दोस्त. उंचीने ताडमाड, म्हणून मावशींनीच पाडलेलं नाव. लेकाच्या मागे तो या घरी फिरकला नव्हता.

"लांबूचं?" मावशींचा आवाज चढला. "माझ्या घरी बसून जेवायचा तो! आता माझ्या पोराच्या जागी जाऊन बसला काय?"

"तुम्ही काढायला लावलंत, तेव्हा किती जणांचे जिने बंद पडले, आई. कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. त्याने नवीन बांधलं. पण मला ते सांगायचं नाहीये." सुनेने जिन्याकडे एकदा वळून पाहिलं. "ते मागणं आपल्याच घरातून येतंय. दुपारी, तुम्ही झोपून उठता त्या सुमाराला."

मावशींनीही जिन्याकडे पाहिलं. हातातलं फडकं तसंच राहिलं. घरात माणसं दोन, आणि दोघीही इथे उभ्या.

"कधीपासून?"

"काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"आधी वाटलं, मीच काहीतरी करून विसरलेय. मग वाटलं, होईल आपोआप बंद."

"मग?"

"मग वाटू लागलं, बंद होऊ नये."

मावशींच्या जिभेवर एरवी अशा वेळी सुरी असायची. त्या दिवशी नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तू वर जाऊन बस. बघ आता कोण बोलतंय ते." त्यांनी मेन स्विच खाली ओढला. घर मुकं झालं. मग वर केला आणि जिन्याशी येऊन कान देऊन उभ्या राहिल्या. भांड्यातल्या पाण्याला आधण यावं इतका वेळ काहीच नाही. आणि मग वरून सुनेचा आवाज आला, घोगरा, ओळखू न येणारा.

"आलं."

शोधायला फार लागलं नाही. जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या पाइपामागे, डोक्याच्याही वर, साबणाच्या वडीएवढा एक डबा होता. त्याचा बारीक हिरवा डोळा मिणमिणत होता. दिव्यांच्या तारा त्यातच गेलेल्या. सून स्टुलावर चढून त्याच्याकडे बघत राहिली.

"आपल्या दिव्यांचा डबा आहे. जाग आली की आधीचं टाकून देऊन ताजं आणायचं, असं सांगून ठेवलंय त्याने याला. तुम्ही वीज घालवता, हा मरतो. वीज आणता, हा उठतो आणि पहिलं काम म्हणजे त्याचं नाव घेऊन पुडी मागतो. आम्ही विचारतो, दुसरं चालेल का. पण याच्यापाशी 'हो' म्हणायला माणूसच नाही." ती एकदम हसली, आणि ते हसणं ऐकवेना. "असाच होता ना? शिळं म्हणून चालायचं नाही."

"म्हणजे तो नाही."

"नाही, आई. डबा आहे."

"मला कळतं डबा आहे ते. मी काय खुळी आहे?"

खुळ्या नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच, दुकानात भर गर्दी असताना, स्विच खाली-वर केला. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, वीज गेली का?" त्या म्हणाल्या, "आली पण." आणि जिन्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. डबा ज्या भाषेत बोलायचा ती मावशींच्या कानांची नव्हती. तरी आत्ता त्याचं नाव घेतलं असेल, आत्ता कुठेतरी पोचलं असेल, असं त्या अंदाजाने धरायच्या. सगळं जग त्याला विसरलं होतं. सांत्वनाला येणारे यायचे थांबले होते. त्या स्वतःही त्याचं नाव घेत नव्हत्या. पण या घरात कुणीतरी न चुकता त्याला हाक मारत होतं.

मग चटकच लागली. न्याहारी झाली की एकदा. अस्तराचं कापड मोजता मोजता एकदा. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एकदा. दुकानातली गिऱ्हाइकं अंधारात बटणं हातात घेऊन उभी राहायची. शेजारचा चष्मेवाला येऊन सांगून गेला, "मावशी, तुमची वायरिंग बघून घ्या एकदा, आग लागेल." त्याला त्या म्हणाल्या, "आधी तुमची नजर बघून घ्या." पण त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. कधी कधी स्विच वर केल्यावर त्या ओठांतल्या ओठांत त्याचं नाव घ्यायच्या, डब्याच्या जोडीने.

वर सून बसलेली होती, आणि तिच्यासमोर ती ओळ येत होती. आज एकदा, उद्या तीनदा, मग तर मोजायचं तिने सोडून दिलं.

शेवटी एके दिवशी ती खाली आली ती खांद्याला बॅग लावूनच. दुकानात कुणी नव्हतं. मावशींचा हात स्विचवर होता.

"खाली घ्या तो हात, आई."

"माझं घर, माझा स्विच."

"तुम्हाला वाटतं, कुणीतरी त्याला बोलावतंय. तुम्हाला फक्त हाक ऐकू येते. पण उत्तर कोण देतं, ठाऊक आहे? मी देते. ते उत्तर माझ्या हातचं आहे. दर वेळी तुम्ही इथे हा दांडा वर करता आणि तिथे मी त्याला सांगते, असं काही नाही. दिवसातून दहादा मी माझ्या नवऱ्याला सांगते, की तू नाहीस." तिने बॅग खांद्यावर नीट केली. "मला नाही होत आता. ऑफिसने दुसऱ्या शहरात या म्हणून केव्हाचं सांगितलंय. हे असंच चालणार असेल तर मी आजच निघते. आणि एकदा गेले की पुन्हा यायची नाही."

मावशींनी हात काढला नाही. ही गेली तर घरात उरणार कोण, हे त्यांना दिसत होतं. आपण, हा दांडा आणि तो हिरवा डोळा. बाकी चार भिंती. त्यात काही दिवसांनी आपण कशाला हात लावतोय आणि कशाला नाही, हे आपल्यालाही कळणार नाही.

"काय करू म्हणतेस?"

"एकदाच 'हो' म्हणा. लांबूचं त्याला घेऊ द्या. मग तो मागायचा थांबेल."

"आणि मग त्याचं नाव कोण घेणार?"

सुनेने दाराकडे पाहिलं.

"बटण बदलणं वेगळं," मावशी म्हणाल्या. "आणि तुझा तो कारकून काय म्हणतो? 'असं काही नाही'? नाही म्हणजे काय? होतं की! चांगलं नांदतं होतं! एखादी वस्तू कधी जन्मालाच आली नाही आणि एखादी होऊन गेली, दोन्हींना एकच उत्तर? कुणी शिकवलं तुला हे? माझ्या दुकानात बसली असतीस तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. जायचं तर जा. पण त्याला 'नाही' म्हणून जाऊ नकोस."

बॅगेचा पट्टा सुनेने एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला, मग काढून खाली ठेवला. "थोडे दिवस द्या," म्हणाली. "आणि तोवर स्विचला हात लावायचा नाही. दुपारीसुद्धा."

ते दिवस फार अवघड गेले. वीज सारखी चालू, घर सारखं घुमतंय, आणि डबा गप्प. दुपारी मावशींना झोप येईना. हात शिवशिवायचे, म्हणून त्या बटणांचे खण उपसून परत लावायच्या. वरून सुनेचे फोनवरचे आवाज यायचे, कुणाशी तरी कचाकचा भांडतेय असे. "नाही सर, दोन्ही एक कसं? काढून घेतलेलं आणि नसलेलं एक कसं?" ते ऐकून मावशी खाली मान डोलवायच्या. बोलतेय बरीक माझ्यासारखी.

मग एका सकाळी सुनेने जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलं, डब्याला एक छोटा पडदा जोडला, एक कीबोर्ड जोडला आणि मावशींना बोलावलं. दिवसाउजेडीही तो जिना काळोखा. सुनेच्या हातात टॉर्च होता.

"तुम्हीच चालू करून या."

मावशींनी स्विच खाली ओढला, वर केला आणि धापा टाकत वळणापर्यंत आल्या. पडद्यावर अक्षरं धावत होती. मग थांबली. सून वाचून दाखवू लागली, पण मावशी म्हणाल्या, "थांब, मला येतं." बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं. वर लेकाचं नाव होतं, पुडीचं होतं. आणि खाली:

'हे होतं. आता काढून घेतलं आहे. त्याऐवजी हे चालेल का?'

आणि त्याच्याखाली लांबूचं.

मावशी किती तरी वेळ पहिल्याच दोन शब्दांवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. सुनेने घाई केली नाही.

"कुठलं दाबायचं?"

सुनेने दाखवलं. मावशींनी दाबलं, दुकानात गल्ल्याचं झाकण लावतात तसं, ठामपणे. मग लगेच हात मागे घेतला. पडद्यावर पुन्हा अक्षरं धावली, थांबली. आणि जिन्यातले सगळे दिवे एकदम भकदिशी लागले. पायरीपायरीने नाही. खालपासून वरपर्यंत एकाच वेळी, लग्नघरासारखे. मावशींनी डोळ्यांवर हात घेतला, सुनेने टॉर्च विझवला.

"लांबूला उजेड कसा पाडावा ते कधी कळलंच नाही," त्या पुटपुटल्या.

हात काढला तेव्हा समोर भिंत होती. इतक्या दिवसांत त्यांनी ती उजेडात पाहिलीच नव्हती. भिंतीवर एक मळकट पट्टा खालून वर गेला होता, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. अंधारात रोज ज्या तळव्याने त्या चाचपत चढायच्या, त्याचा. त्याच्याहून थोडा वर आणखी एक पट्टा होता, बारीक, बोटांच्या टोकांचा.

"हा तुझा?"

"हो. मलाही दिसायचं नाही ना."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात."

मावशींनी त्या बारीक पट्ट्यावरून बोट फिरवलं. दोघी एकाच अंधारातून, एकीमागे एक, इतके दिवस. त्यांना काहीतरी लागट बोलायचं होतं. पण सून भिंतीकडे बघत होती, आणखी वर.

तिथे तिसरा पट्टा होता. दोघींच्याही हाताच्या टप्प्याबाहेर, उंच माणसाचा हात सहज टेकेल तिथे. पुसट, पण सलग. खालपासून वळणापर्यंत, आणि वळणावरून पुढे.

"त्याचा असेल," मावशी म्हणाल्या. "दिवे बसवण्याआधीचा. तेव्हा तोही चाचपतच चढायचा."

"हं," सून म्हणाली. मग अगदी हळू, "पण आई, ही भिंत आपण रंगवली ती तो गेल्यावर ना?"

सुनेने टॉर्चच्या हातानेच मावशींचा दंड धरला, की त्यांनी तिचा धरला, कुणास ठाऊक. दोघी हलल्या नाहीत, म्हणून थोड्या वेळाने लांबूचे दिवे विझले. जिना होता तसा काळोखा झाला. पाऊल उचललं असतं तर ते पुन्हा लागले असते.

दोघींपैकी कुणीच उचललं नाही.